संघात नवीन कोण?

451 हा आकडा जालन्यात क्रिकेट खेळणाऱ्या कुणालाही विचारा. तो कशाचा, हे सांगावं लागत नाही. 2011-12 च्या मोसमात 19 वर्षांखालच्या मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध महाराष्ट्राच्या विजय झोलने नाबाद 451 धावा काढल्या. विजय जालन्याचा. वय 17. डॉन ब्रॅडमनची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी नाबाद 452 ची होती. म्हणजे आमच्या मुलाला एकच धाव कमी पडली, असं आम्ही सांगत सुटलो. सामन्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. पण जालन्यात ही तुलना करायला परवानगी आहे.

त्या दिवसापासून मी एक यादी ठेवायला लागलो. महाराष्ट्राच्या रणजी संघात नवीन कोण आलं, त्यात मराठवाड्याचं कोण, आणि त्यातलं कोण भारतीय संघापर्यंत गेलं. असली यादी ठेवणारा मी एकटा नाही. आमच्याकडे चहाच्या टपरीवर अशा याद्या तोंडपाठ असलेले किमान चार लोक सापडतील. मुंबईच्या चाहत्याला ही सवय नसते, त्याला गरज नाही. त्याच्या संघात दर मोसमात ओळखीच्या मैदानावरचं, ओळखीच्या क्लबचं कुणीतरी असतंच. आम्हाला मात्र संघ जाहीर झाला की यादी खालून वर वाचायची खोड आहे, कारण नवी नावं बहुधा तळाशी असतात.

एका संघाचं दार किती वेळा उघडतं, हे मोजायला सगळ्यात सोपी पट्टी म्हणजे कसोटी टोपीचा क्रमांक. भारत पहिली कसोटी 25 जून 1932 ला लॉर्ड्सवर खेळला. त्या अकरा जणांना इंग्रजी अकारविल्हे क्रमांक मिळाले, अमर सिंग 1 नंबर. भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळणारे जनार्दन नवले त्याच अकरांतले, मराठी माणूस, यष्टिरक्षक. तिथून पुढे जुलै 2025 मध्ये मँचेस्टरला अंशुल कंबोजला टोपी मिळाली, तिचा क्रमांक 318. म्हणजे 93 वर्षांत 318 माणसं. वर्षाला साडेतीनसुद्धा नाहीत.

हाच हिशोब आणखी जवळून करता येतो. नोव्हेंबर 1989 मध्ये कराचीला सचिन तेंडुलकरला 187 क्रमांक मिळाला. त्याच्या अगोदरचा 186 त्याच सामन्यात सलील अंकोलाला मिळाला. अंकोला सोलापूरला जन्मलेला, तेव्हा महाराष्ट्राच्या संघातला वेगवान गोलंदाज. सचिनने 200 वी कसोटी खेळून बॅट ठेवली नोव्हेंबर 2013 मध्ये. त्याच्या शेवटच्या मालिकेत ईडन गार्डन्सवर महंमद शमी आणि रोहित शर्मा आले, क्रमांक 279 आणि 280. सचिनच्या 24 वर्षांच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याच्या मागून कसोटी संघात शिरलेली माणसं फक्त 93. त्या काळात देशात किती पोरांनी हातात बॅट घेतली असेल याचा अंदाज करत बसू नका, डोकं फिरेल. आणि आत शिरल्यावर टिकायचं वेगळंच. 186 क्रमांकाच्या अंकोलाला ती एकच कसोटी मिळाली. शेजारच्या क्रमांकाला 200.

आता हा दरवाजा उघडतो तरी कशाने? क्रिकेट शिकवणारे सर सांगतात की धावा काढा, दार आपोआप उघडेल. माझी यादी काही वेगळंच सांगते. धावांनी तुम्ही दारापर्यंत पोहोचता. दार उघडतं ते आतलं कुणी बाहेर पडलं तर. दुखापत, निवृत्ती, बंदी, भांडण, नाहीतर कुणाच्या घरचं काही.

उलट्या बाजूने पाहिलं तर हे जास्त नीट कळतं. ऑगस्ट 1936 ते जून 1946 या जवळपास दहा वर्षांत भारत एकही कसोटी खेळला नाही. दुसरं महायुद्ध. या दहा वर्षांत रणजी चालू होती, मुंबईची पेंटँग्युलर चालू होती, धावांचे डोंगर उभे राहत होते आणि कसोटी टोपी एकालाही मिळत नव्हती. सांगलीचे विजय हजारे याच काळात वाढले. पेंटँग्युलरच्या एका डावात त्यांच्या संघाच्या 387 धावा झाल्या, त्यातल्या 309 एकट्या हजारेंच्या. पण पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हा वय 31. महाराष्ट्राचे लेगस्पिनर सदू शिंदे त्याच सामन्यात आले. हजारे निदान आत आले. पुण्याचे दि. ब. देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक, यांनी 1926-27 च्या दौऱ्यावर आलेल्या एमसीसीविरुद्ध 148 धावा काढल्या होत्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळून पहिला सामना झाला तेव्हा ते चाळिशीचे होते. संघात त्यांना जागा झाली नाही. पुढे त्याच देवधरांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकून दिले. महाराष्ट्राने त्यानंतर आजवर रणजी जिंकलेली नाही. हे वाक्य मी दरवर्षी मार्चमध्ये तपासतो, अजून बदलावं लागलेलं नाही.

आणि मग भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचे. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443, महाराष्ट्र 4 बाद 826. ब्रॅडमनच्या 452 पासून नऊ धावा दूर. काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि ते खरंच गेले. स्टेशनवर. सामना तिथेच संपला. भारतीय क्रिकेटमध्ये प्रथम श्रेणीतली एवढी मोठी खेळी त्यानंतर कुणी केलेली नाही. निंबाळकर 2012 साली गेले, त्यांच्या 93 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. अधिकृत कसोटी त्यांना एकही मिळाली नाही.

म्हणून 451 ऐकल्यावर जुन्या माणसांना आनंदासोबत धाकधूकही झाली. मोठा आकडा महाराष्ट्रात पहिल्यांदाच निघाला नव्हता.

मराठवाड्याकडे येऊ. माझ्या यादीत कसोटी टोपी मिळालेली मराठवाड्याची नावं दोन आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांनाही ती एकाच सकाळी मिळाली. 3 डिसेंबर 2001, मोहाली, इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. संजय बांगर, जन्म बीड. इक्बाल सिद्दिकी, जन्म तेव्हाचं औरंगाबाद. तिसरा नवा केरळचा टिनू योहानन.

तीन नवे एकदम कसे आले? त्याच्या दोन आठवडे आधी दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनिस यांनी सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा ठोठावल्या होत्या. त्यात सचिनवरचा ठपका गाजला, पण एका सामन्याची बंदी प्रत्यक्षात आली ती वीरेंद्र सेहवागवर. भारतीय मंडळ आणि आयसीसी इरेला पेटले. मोहालीत सेहवागला खेळवायचं की नाही, यावर इंग्लंडचा दौराच मोडतो की काय अशी वेळ आली. शेवटी सेहवाग बाहेर बसला. आफ्रिकेतून परतलेल्या संघाची घडी विस्कटलेलीच होती, आणि त्या विस्कटलेल्या संघात जागा निघाल्या. बीड आणि औरंगाबादला दार उघडलं ते असं.

तो सामना मला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. इंग्लंड पहिल्या डावात 238. हरभजनचे पाच बळी. भारत 469. सिद्दिकीने खाली येऊन 24 धावा जोडल्या. गोलंदाजीत त्याला एक बळी मिळाला, पण तो ग्रॅहम थॉर्पचा, म्हणजे त्यांच्या सगळ्यात चिवट फलंदाजाचा. दुसऱ्या डावात कुंबळेने सहा जण कापले, इंग्लंड 235. जिंकायला हव्यात 5 धावा. पाच धावांसाठी कोण पॅड बांधणार? सौरव गांगुलीने दीप दासगुप्ताबरोबर सलामीला पाठवलं इक्बाल सिद्दिकीला. त्याने त्या पाचही धावा काढल्या आणि भारत दहा गड्यांनी जिंकला. पदार्पणात नव्या चेंडूने गोलंदाजी, नव्या चेंडूवर फलंदाजी आणि विजयी फटका. धावफलकात लिहिलंय: सिद्दिकी नाबाद 5.

त्यानंतर तो भारताकडून पुन्हा कधीच खेळला नाही. एक कसोटी, 29 धावा, एक बळी.

बांगर बारा कसोटी खेळला. नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध नाबाद 100 आहेत, पण त्याची खरी खेळी 2002 ची हेडिंग्लेची. ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी, आणि गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. बांगर सलामीला येऊन चेंडू अंगावर घेत, सोडत, अडवत 68 पर्यंत गेला. द्रविडबरोबर 170 ची भागी. पुढे द्रविड, सचिन, गांगुली तिघांचीही शतकं झाली, भारत डावाने जिंकला. मथळे अर्थातच त्या तिघांचे. क्रिकेट जाणणाऱ्या कुणालाही विचारा, पाया कुणी भरला ते.

बांगरच्या बाबतीत याद्या ठेवणाऱ्यांची एक पंचाईत होते. महाराष्ट्राच्या रणजी संघाच्या यादीत त्याचं नाव सापडतच नाही. वयोगटाच्या संघांतून तो महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडूनही खेळला होता. वरच्या संघात मात्र खेळला रेल्वेकडून, 1993-94 पासून. जिथे मोठ्या संघात जागा नाही तिथल्या मुलासाठी रेल्वे ही फार मोठी सोय होती. नोकरी मिळायची, पगार सुरू व्हायचा, आणि रणजीचा संघही मिळायचा. आयपीएल येण्याआधीच्या काळात आमच्याकडच्या घरांत खेळाला परवानगी मिळायची ती याच एका शब्दावर: नोकरी. म्हणून मी यादीत संघाचं नाव बघण्याआधी जन्मगाव बघतो. क्रिकइन्फोच्या पानावर खेळाडूच्या नावाखाली ती एक ओळ असते, तिथे 'बीड' किंवा 'पैठण' दिसलं की अंगठा थांबतो.

पैठण म्हणजे अंकित बावणे. वयाच्या पंधराव्या वर्षी महाराष्ट्राच्या रणजी संघात आला. शंभराहून जास्त प्रथम श्रेणी सामने, हजारोंनी धावा, कप्तानपद. ऑक्टोबर 2016 मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद 351 आणि बावणे नाबाद 258, तिसऱ्या गड्यासाठी 594 धावांची अखंड भागी. त्या दिवशी मोडला गेला तो विक्रम होता 577 चा, बडोद्याकडून खेळताना विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केलेला. सत्तर वर्षं टिकलेला. जगात त्याहून मोठी भागी तेव्हा एकच होती, संगकारा-जयवर्धने यांची 624. भारताच्या वरिष्ठ संघातून बोलावणं? नाही.

हे फक्त आमच्याच वाट्याला येतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले. मुंबईने 1958-59 पासून सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली, त्या मालिकेच्या उत्तरार्धाचे ते आधारस्तंभ. पण ते डावखुरे फिरकीपटू होते आणि भारतीय संघातली डावखुऱ्या फिरकीपटूची खुर्ची बिशनसिंग बेदींची होती. बेदी 1979 पर्यंत खेळले. खुर्ची एक, बसणारा एक, संपला विषय. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळीने शारदाश्रमासाठी 664 ची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. सहा वर्षांनी त्याने मुंबईकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात 260 धावा ठोकल्या, पुढे अकरा हजारांवर धावा काढल्या. भारतीय संघाच्या मधल्या फळीत मात्र तेव्हा सचिन, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. तो पॅड बांधून बसलेलाच राहिला. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून तोच मैदानात उभा होता.

पण मुझुमदारची वाट बघायची जागा आणि जालन्याच्या पोराची वाट बघायची जागा एक नाही. मुझुमदार आझाद मैदानात बसून वाट बघत होता. निवड समितीच्या डोळ्यांसमोर. जालन्याहून पुणं जवळपास 300 किलोमीटर आहे. निवड चाचणी सकाळी आठला असेल तर आदल्या रात्री निघायचं, किट मांडीवर घेऊन बसायचं आणि उतरल्याबरोबर पंधरा मिनिटांत नेटमध्ये चार ओव्हर फलंदाजी करून दाखवायची.

गणित मांडून बघा. राज्य एक असलं तरी रणजीत महाराष्ट्राचे संघ तीन: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबई महानगर आणि विदर्भाचे अकरा जिल्हे वगळले की उरलेले वीसेक जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली येतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कोकण, खानदेश आणि अख्खा मराठवाडा. मैदानात उतरणारे अकरा. जिल्ह्यामागे एक जागाही येत नाही. त्यातून पुणे म्हणजे पीवायसी, डेक्कन जिमखाना, पूना क्लब. शंभर वर्षांचं क्रिकेट, टर्फच्या खेळपट्ट्या, आणि गहुंजेचं स्टेडियम. पुण्याची पोरं चांगली खेळतात, याबद्दल माझी तक्रार नाही. ऋतुराज गायकवाड पुण्याचा म्हणून मला कमी आवडतो असं अजिबात नाही. पण जागांचा हिशोब हिशोब असतो.

यात इतिहासाचा एक सांधा आहे, तो आमच्या पिढीला कुणी सांगत नाही. 1956 पर्यंत आम्ही या संघाचे नव्हतोच. मराठवाडा हैदराबाद संस्थानात. जालना काचीगुडा-मनमाड रेल्वेमार्गावरचं गाव, तोंड हैदराबादकडे. जालन्यात संस्थानच्या काळापासून लष्करी छावणी होती. 1937-38 ला हैदराबादने नवानगरला एका गड्याने हरवून रणजी जिंकली, तेव्हा कागदोपत्री तो आमचा संघ होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी विदर्भही आला. विदर्भाने 1957-58 पासून रणजीत स्वतःचा संघ उतरवला आणि तो आजतागायत स्वतंत्र आहे. साठ वर्षं त्या संघाला कुणी हिशोबात धरत नव्हतं. मग 2017-18 ला विजेतेपद, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि 2024-25 ला तिसऱ्यांदा. मराठवाड्याला वेगळा संघ मिळाला नाही. जालना तर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, तो झाला 1 मे 1981 ला.

2018-19 च्या मोसमात रणजीत एकदम नऊ नवे संघ आले. बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी आणि ईशान्येतली राज्यं. ती आली हे चांगलंच झालं. सिक्कीमच्या मुलाला आता सिक्कीमकडून खेळता येतं. 2011 च्या जनगणनेप्रमाणे सिक्कीमची लोकसंख्या 6 लाख 10 हजारांच्या आसपास. एकट्या जालना जिल्ह्याची साडेएकोणीस लाखांवर. तिपटीहून जास्त. अख्ख्या मराठवाड्याची पावणेदोन कोटींच्या पुढे. सिक्कीमच्या अकरा जागा, आणि आम्हाला वीसेक जिल्ह्यांबरोबर वाटून घ्यायच्या अकरा जागा. 'लायकी असेल तर कुठूनही वर येता येतं' असं म्हणणाऱ्यांसमोर मी हा आकडा ठेवतो आणि गप्प बसतो.

जगात असे संघ आहेत जिथे नवा माणूस मुद्दामच क्वचित येतो. स्पेनमधला अॅथलेटिक बिल्बाओ हा फुटबॉल क्लब शंभरहून जास्त वर्षं फक्त बास्क प्रदेशातले, किंवा तिथल्या मैदानांवर घडलेले खेळाडू घेतो. शेजारचे क्लब ब्राझीलपासून सेनेगलपर्यंत माणसं आणतात, हे आपल्याच गल्लीत शोधत बसतात. आणि तरीही वरच्या विभागातून एकदाही खाली घसरलेले नाहीत. तिथल्या चाहत्यांना नवा खेळाडू कुठल्या गावचा, कुठल्या शाळेचा हे आधी हवं असतं. मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांच्याकडे कुणी नवीन आलं की ते घरचंच असतं, कारण दुसरं कुणी येऊच शकत नाही.

आमच्याकडे घरचं नाव संघात आलं की काय होतं, ते जानेवारी 2014 मध्ये दिसलं. रणजीची उपउपांत्य फेरी, वानखेडे, समोर मुंबई. चाळीस वेळा रणजी जिंकलेली, गतविजेती. पहिल्या डावात महाराष्ट्र मागे. पण दुसऱ्या डावात मुंबई 129 मध्ये आटोपली आणि लक्ष्य आलं 252 चं. केदार जाधव नाबाद 120. आणि दुसऱ्या टोकाला विजय झोल, नाबाद 91. मुंबईला मुंबईत आठ गड्यांनी हरवलं. 451 मधल्या कितीतरी धावांपेक्षा त्या 91 मला मोठ्या वाटतात, कारण समोरची गोलंदाजी मोठ्या माणसांची होती. महाराष्ट्र त्या वर्षी अंतिम फेरीत गेला, आणि हैदराबादला कर्नाटककडून हरला.

त्याच फेब्रुवारीत संयुक्त अरब अमिरातीत 19 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचं नेतृत्व झोलकडे होतं. 2012 चा विश्वचषक जिंकलेल्या संघातही तो होता. आयपीएलसाठी बंगळुरूने त्याला घेतलं. विराट कोहली आणि ख्रिस गेल ज्या ड्रेसिंग रूममध्ये बसतात तिथे जालन्याचं पोरगं बसणार, या कल्पनेनेच आमच्या गावाला वेड लागायचं बाकी होतं. पण आयपीएलचा संघ म्हणजे पंचवीस जणांची यादी, त्यातले मैदानात अकरा, त्यातले चार परदेशी. बंगळुरूची फलंदाजी तेव्हा सगळ्यात भरलेली. तो भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत पोहोचला नाही. का पोहोचला नाही याची टपरीवर बारा उत्तरं मिळतात. माझ्या मते त्यातली निम्मी उत्तरं त्याच्याबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त सांगतात. एका पोराकडून आपण संपूर्ण विभागाचा अनुशेष भरून मागितला होता.

आयपीएलने नव्या नावांचा हिशोब मात्र बदलून टाकला. तिथे दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि सगळे संघ जवळजवळ मोडून पुन्हा बांधले जातात. अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख, ज्याला तुम्ही 'काय पो छे' सिनेमात लहान अलीच्या भूमिकेत पाहिलं आहे, तो 2020 साठी मुंबई इंडियन्सच्या यादीत होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर 2022 चा 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आला आणि चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं. 2023 च्या पहिल्याच सामन्यात त्याने गुजरातचे तीन गडी बाद केले. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये छत्रपती संभाजी किंग्ज नावाचा संघही होता. नावात का होईना, आम्ही होतो. या संघांत नावं येतात तशी जातातही, इतक्या वेगाने की यादी ठेवण्यात मजा उरत नाही. कुणी तीन महिन्यांसाठी येतं, पुढच्या लिलावात न विकलेल्यांत दिसतं. कसोटीची टोपी एकदा मिळाली की क्रमांक कुणी काढून घेऊ शकत नाही. इक्बाल सिद्दिकीचा क्रमांक अजूनही त्याचाच आहे.

2024 च्या सुरुवातीला इंग्लंडविरुद्धच्या एका मालिकेत भारताकडून पाच नवे खेळाडू आले: पाटीदार, सर्फराज, जुरेल, आकाश दीप, पडिक्कल. सर्फराज खान कित्येक मोसम रणजीत धावांची रास घालून थांबला होता. त्याला 311 क्रमांकाची टोपी राजकोटला मिळाली, जेव्हा कोहली घरच्या कारणाने मालिकेत नव्हता आणि राहुल जखमी होता. पुन्हा तेच. धावा त्याच्याकडे आधीपासून होत्या, खुर्ची नव्हती.

त्याच आठवड्यांत, 6 फेब्रुवारी 2024 ला, दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला 19 वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी चालू होती. 245 चा पाठलाग करताना भारत 4 बाद 32. मैदानात आला बीडचा सचिन धस. वडिलांनी नाव तेंडुलकरवरून ठेवलेलं. कप्तान उदय सहारनबरोबर त्याने 171 ची भागी केली, स्वतः 96 वर बाद झाला, आणि भारत दोन गडी राखून अंतिम फेरीत गेला. टपरीवर त्या रात्री कुणीतरी विचारलंच, बीडहून पुणं किती लांब? दुसऱ्याने सांगितलं, जालन्यापेक्षा जवळ.

माझ्या यादीत त्याचं नाव शिसपेन्सिलीने लिहिलेलं आहे. पेनाने आजवर दोनच.